चीफच्या रायफलवरची पट्टी

चीफच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला आणि त्यांना समुद्र दिसायला लागला. जुरोंग ईस्टमधल्या त्यांच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातून, समोरच्या दोन ब्लॉकच्या मधल्या फटीत, बोटभर समुद्र दिसतो असं ते कित्येक वर्षं सांगत, आणि आम्ही त्यांच्या वयाकडे बघून मान डोलवत असू. डोळ्यावरचं झाकण निघालं त्या सकाळी त्यांनी मला ऑफिसात फोन केला.

"सेकंड, एक बल्क कॅरिअर नांगर टाकून उभी आहे. फनेलला गंज चढलाय. कोणाची आहे बघ आणि झाप त्यांना."

मी खरंच चौकशी केली. जहाज होतं. धुरांड्याला गंजही होता. झापायचं मात्र टाळलं, कारण ते आमच्याच ऑफिसचं निघालं.

चीफ म्हणजे मी एकेकाळी ज्या जहाजावर सेकंड इंजिनिअर होतो, त्या जहाजाचे चीफ इंजिनिअर. त्याला आता जमाना लोटला होता. नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी एका शिप मॅनेजमेंट कंपनीत सुपरिंटेंडंट होतो, टाय लावत होतो, गारेगार खोलीत बसून तापलेल्या इंजिनरूमना फॅक्सवर उपदेश पाठवत होतो, आणि हाताखालचे लोक मला सर म्हणत होते. चीफ मात्र कोणाहीसमोर, अगदी जहाजाच्या जपानी मालकांसमोरसुद्धा, मला 'सेकंड' अशीच हाक मारत. समुद्रावर लागलेला हुद्दा जमिनीवर उतरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मालकांना वाटे, कंपनीत माझ्यावर अजून एक कोणी फर्स्ट आहे. ते बराच वेळ त्याची वाट बघत बसत.

चीफ समुद्र सोडून सिंगापुरात जहाजं तपासणारे सर्व्हेयर झाले, मग तिथूनही निवृत्त झाले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मूळच्या सांगलीच्या. सांगलीला त्यांनी हौसेने बंगली बांधून ठेवली होती, मागे पेरूची झाडं, पुढे झोपाळा, आणि तिथे परत जायचं हा वहिनींच्या आयुष्याचा एककलमी कार्यक्रम होता. चीफना जायचं नव्हतं. का नव्हतं, हे त्यांनी कधी धड सांगितलं नाही. विचारलं की ते एकच उत्तर देत: "रायफल."

आता ही रायफल काय भानगड आहे ते सांगायला हवं. सिंगापुरात साधं च्युइंगगम खिशात ठेवायला माणूस बिचकतो, तिथे बंदूक म्हणजे फारच झालं. पण शहराच्या पश्चिमेला, झाडीत, एक शूटिंग क्लब होता आणि चीफ त्याचे जुने सभासद होते. त्यांनीच मलाही तिथे ओढलं. त्यांची रायफल एका इंग्रज हार्बर पायलटची, म्हणजे जहाजं बंदरात आणून लावणाऱ्याची. तो देश सोडून निघाला तेव्हा रीतसर परवानगीने ती चीफच्या नावावर झाली. अमेरिकन बनावटीची, चापाखाली लोखंडी कडीसारखा लिव्हर असलेली. लिव्हर खाली ओढला की रिकामी पुंगळी बाहेर, वर घेतला की नवीन काडतूस आत. घोड्यावर बसून धुळीतून येणारे लोक वापरतात तसली. चीफ घोड्यावर कधी बसले नव्हते, पण लिव्हर ओढताना त्यांचे पाय आपोआप फाकत.

रायफल घरी न्यायची नाही. ती क्लबच्या शस्त्रागारात कुलपात. भारतात नेण्याचा तर प्रश्नच नाही. आणि दर वर्षी क्लबच्या अधिकाऱ्यासमोर चाचणी द्यायची: दूरवरच्या काळ्या वर्तुळात गोळ्या बसल्या तर परवान्याची शिफारस, नाही बसल्या तर रायफल जमा. म्हणून घरात चीफचा एक कायदा झाला होता. "परवाना आहे तोवर मी इथे." पहिल्या वर्षी ते हे गमतीत म्हणाले असावेत. पण चीफ दर वर्षी चाचणी उत्तम पास होत राहिले, वहिनी दर वर्षी सांगलीचं तिकीट पुढे ढकलत राहिल्या, आणि गमतीचा कायदा होऊन बसला.

आणि मग मोतीबिंदू निघाला.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा रेंजवर गेलो तेव्हा चीफ खुशीत होते. लांबचं लक्ष्य त्यांना असं दिसत होतं की त्यावरच्या आदल्या दिवसाच्या भोकांवर चिकटवलेले कागदी तुकडेही ते मोजून दाखवत होते. मग त्यांनी रायफल खांद्याला लावली आणि तशीच खाली घेतली. पुन्हा लावली. पुन्हा खाली.

नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी मण्याएवढा एक ठिपका असतो, त्याला आम्ही माशी म्हणायचो. ती माशी आणि पलीकडचं लक्ष्य एका रेषेत आणायचं, हा सगळा खेळ. चीफच्या नव्या डोळ्याला लक्ष्य लख्ख दिसत होतं आणि माशी म्हणजे नुसता धुरकट डाग.

"कुठे गेली रे?" ते म्हणाले. मी बघितलं तर ती बिचारी जागच्या जागी होती.

नोव्हेनाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. मी गेलो ते टॅक्सी करायला, वहिनी गेल्या त्या लक्ष ठेवायला. डॉक्टर तरुण, हसतमुख बाई होत्या. चीफनी विचारलं, "लांबचं छान दिसतं. वाचायला तुम्ही चष्मा दिलात. पण हाताच्या जरा पुढे, या इथे, असतं ते दिसत नाही. त्याचं काय?"

"तिथे तुम्हाला नेमकं काय बघायचं असतं?" डॉक्टरांनी विचारलं.

चीफनी माझ्याकडे पाहिलं. वहिनी शेजारच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"बायको," मी म्हणालो.

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, नवी भिंगं अशीच असतात, एका अंतराला बसवली की दुसरं अंतर सोडावं लागतं. काही दिवसांत सवय होईल. बाहेर आल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, मी एवढी जवळ बसलेली यांना दिसत नाही, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. तुम्ही कशाबद्दल विचारत होतात तेही माहीत आहे."

उपाय उघड होता. रायफलवर दुर्बीण बसवायची. दुर्बिणीत लक्ष्य आणि नेमाची रेघ एकाच चित्रात, एकाच अंतरावर असल्यासारखी दिसतात. डोळ्याला माशीकडून लक्ष्याकडे पळापळ करावी लागत नाही. पण दुर्बीण हवेत राहत नाही. तिला रायफलवर धरून ठेवायला धातूची एक पट्टी लागते, आणि कुठली पट्टी, कुठे, कशी बसवायची, हा प्रश्न दोन मरीन इंजिनिअरांच्या हातात पडला. दोघांनाही त्यामुळे किती आनंद झाला ते सांगून खरं वाटणार नाही. माझी मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, यू बोथ सो हॅपी लाह, लाइक बर्थडे."

डीलरकडून अमेरिकन कॅटलॉग मागवला. चीफच्या जेवणाच्या टेबलावर तो उघडला, शेजारी ग्राफ पेपर, आणि वहिनींची वाटीभर चिवड्याची रसद. पट्ट्या तीन प्रकारच्या होत्या. एक, रायफलच्या बॉडीच्या डाव्या अंगाला बसणारी, दुर्बीणही डावीकडेच कलती ठेवणारी. चीफनी ती लगेच बाद केली. "सुकाणू मध्यरेषेवर नाही असं जहाज मी चालवलं नाही." दुसरी, पुढे नळीवर बसणारी. तीही बाद. "नळी तापते, थरथरते. पाया हलता असेल तर वर काय बांधणार?" राहिली तिसरी: तिचा पाय बॉडीच्या डाव्या अंगाला, आणि तिथून वर येणारा हात दुर्बिणीला बरोबर मध्यभागी, बॉडीच्या डोक्यावर धरणारा. जाड, भक्कम. त्या रायफलच्या डाव्या अंगाला जुन्या मालकाने कधी तरी काही बसवलं होतं, त्याची भोकं तयारच होती, बारीक स्क्रूंनी बुजवलेली. नवीन भोक पाडायचं पाप नको.

"ही," चीफ म्हणाले. "हिला म्हणतात फाउंडेशन."

त्यांनी ग्राफ पेपरवर रायफलचं प्रत्यक्ष मापाचं चित्र काढलं, वर पट्टी, वर दुर्बीण. चित्र सुरेख होतं. वहिनी चिवड्याची वाटी भरायला आल्या, चित्राकडे वाकून बघितलं, चांगलं टक लावून बघितलं, आणि काही न बोलता आत गेल्या.

मी निघालो तेव्हा त्यांनी दारात माझ्या हातात डबा दिला. "भावजी, ही पट्टी बसली की माझी सांगली गेली. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय, वहिनी."

"मग तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"डबा कशाचा आहे?"

"भरल्या वांग्यांचा."

"तुमच्या," मी म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी चीफबरोबर पट्टी बसवायला गेलो. माझी त्या दिवसांत अशी दोन्हीकडे वस्ती होती. मला त्यात काही वाईट वाटत नव्हतं. दोन्ही घरचं जेवण एकाच घरात मिळतं असे योग फार येत नाहीत.

शस्त्रागारातलं काम तिथल्याच टेबलावर, तिथल्या माणसासमोर करायचं. तो सैन्यातून निवृत्त झालेला जाडजूड चिनी गृहस्थ होता, चहाचा थर्मास आणि घोड्यांच्या शर्यतींचं पान घेऊन बसणारा. त्याचा एकच नियम होता, आणि तो बरोबरच होता: टेबलावर रायफल असली की खोलीत एकही काडतूस नको.

मग आम्ही सुरू झालो. जहाजाचं इंजिन त्याच्या पायावर बसवायचं तर दोन पृष्ठभाग एकमेकांना खरोखर कुठे टेकतात ते आधी बघावं लागतं. त्यासाठी एका पृष्ठभागावर निळी शाई पुसट लावायची, दुसरा त्यावर ठेवायचा, उचलायचा, आणि निळं कुठे उठलं ते पाहायचं. चीफनी तसंच केलं. पट्टीचा पाय फक्त दोन कोपऱ्यांत टेकत होता. चीफ आनंदाने लाल झाले. बारीक एमरी पेपरने घासा, पुन्हा निळी, पुन्हा घासा. मग राहिलेली बारीक फट भरायला आम्ही इंजिनाखाली ओततो तसला राळेसारखा रेझिन, नखावर मावेल इतका. तो वाळेपर्यंत थांबलो. मग स्क्रू, कोपऱ्याला कोपरा साधत, थोडे थोडे आवळत. चीफ ॲलन की मागताना हात पुढे करत, मागे न बघता, जसे ते इंजिनरूममध्ये करत, आणि मी ती त्यांच्या तळहातावर ठेवत होतो, जशी तेव्हा ठेवत होतो. माझ्या टायवर निळी लागली. मला ती लागलेली आवडली.

शस्त्रागारवाल्याने शेवटी पान खाली ठेवलं. "अंकल, रायफल की जहाज?"

"चालवून बघ," चीफ म्हणाले. त्याने रिकामी रायफल घेतली, लिव्हर खाली-वर केला, दुर्बिणीतून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "गुड लाह. व्हेरी स्ट्राँग."

शनिवारी सकाळी रेंजवर गेलो. चीफनी त्यांची जुनी कापडी टोपी घातली होती. पहिली गोळी काळ्याच्या जवळजवळ मध्यात. आजूबाजूच्या दोन-चार सभासदांनी टाळ्या वाजवल्या. चीफनी, पाय फाकून, ऐटीत लिव्हर खाली ओढला.

टण्ण.

असा आवाज त्या रायफलने कधी काढला नव्हता. लिव्हर वर जाईना. मी वाकून बघितलं. रिकामी पुंगळी आतच आडवी पडली होती. काढली. काडतूसच खराब असेल म्हणून दुसरं घेतलं. गोळी पुन्हा काळ्यात, लिव्हर, आणि पुन्हा टण्ण. तिसऱ्या वेळी चीफनी लिव्हर अर्ध्यात थांबवला, हळूच टोपी काढली आणि तिच्या माथ्याकडे पाहत राहिले. टोपीच्या माथ्यावर जुन्या तपकिरी डागांची रांगोळी होती.

ती रायफल पुंगळ्या वर फेकते. सरळ वर, बॉडीच्या डोक्यातून. गेली कित्येक वर्षं त्या गरम पुंगळ्या चीफच्या टोपीवर पडत होत्या, आणि आम्ही दोघांनी, निळी लावून, रेझिन ओतून, जगातली सगळ्यात भक्कम पट्टी बरोबर त्या भोकावर छपरासारखी बसवली होती. पुंगळी उडायची, दुर्बिणीच्या पोटावर आपटायची, आणि पुन्हा आत पडायची.

आमच्या धंद्याची खोडच ती. इंजिन बसवायचं ते बंद असताना, थंड असताना. तेव्हा पाया आणि रेषा एवढंच दिसतं. चालायला लागल्यावर ते काय फेकतं, काय ओकतं, याचा विचार दुसऱ्या कोणीतरी आधीच केलेला असतो. आपण फक्त खाली वाकायचं आणि फट मोजायला फीलर गेजची पातळ पट्टी सरकवायची. जन्मभर खाली वाकून काम केलेल्या दोन माणसांना वर बघायचं सुचलं नाही.

सगळे हसले. चीफ सगळ्यांत मोठ्याने हसले; टोपी छातीशी धरून वाकून सलामही केला. टॅक्सीत मात्र ते घर येईपर्यंत बाहेर बघत बसले.

घरी ते सरळ आंघोळीला गेले. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. वहिनी कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अडकलं?"

मी ग्लास खाली ठेवला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? क्लबात सगळ्यांच्या बायकांना बोलावलं होतं त्या वर्षी मी यांच्या मागेच बसले होते. ते गरम नळकांडं उडून माझ्या मांडीवर पडलं. नारायणपेठीला भोक पडलं, अजून आहे. त्या चित्रात बघितलं तेव्हाच मला कळलं, ते वर कुठे जाणार म्हणून."

"आणि बोलला नाहीत?"

"का बोलू?" वहिनींनी आता माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत चक्क हसू होतं. "मला सांगलीला जायचंय."

मी त्यांना मनोमन दंडवत घातला. इतका शांत, इतका सोपा घातपात मी समुद्रावरही पाहिला नव्हता.

चाचणी जवळ आली होती. चीफनी पट्टी काढून आणली आणि कपाटावर टाकली. रेंजवर येईनात. खिडकीतून समुद्र बघेनात. मी फोन केला की म्हणत, "हं," आणि मग "वहिनींशी बोल," असं म्हणून रिसीव्हर देऊन टाकत. त्यांनी दुसऱ्या पट्टीचा विषय काढला नाही, आणि वांगी खाल्लेला मी, मीही काढला नाही.

मग एका रविवारी वहिनींचा फोन आला. सेरंगून रोडला वाणसामान घ्यायचंय, पिशव्या धरायला या. मी गेलो. त्या कढीपत्ता, नारळ, तांदळाचं पीठ असं एकेक घेत होत्या, पण भाव करत नव्हत्या, हे मला लगेच खटकलं. मिठाईच्या दुकानाबाहेर, माणसांच्या गर्दीत, त्या थांबल्या.

"ते हो म्हणाले," वहिनी म्हणाल्या.

"सांगलीला?"

"सांगलीला. काल जेवताना. 'तू म्हणशील तसं करू,' असं म्हणाले."

"मग समोर दुकान आहे, पेढे घेऊ या!"

"कसले पेढे हो भावजी." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "इतक्या वर्षांत 'तू म्हणशील तसं' हे मी यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला ते अजिबात आवडलं नाही. भांडले असते, ओरडले असते, तर मी जिंकले असते. हे काय? नुसतं ताटात बघून 'तू म्हणशील तसं'."

आम्ही थोडं चाललो. एक लॉरी गेली तेव्हा त्या थांबल्या, मग पुन्हा बोलायला लागल्या.

"मला यांना तिकडे न्यायचंय ते चीफ म्हणून. झोपाळ्यावर बसून आल्यागेल्याला जहाजाच्या थापा मारणारे. हे असे, डोळा बिघडला म्हणून काढून टाकलेले, हे नाही मला तिकडे न्यायचे. शेजारी काय म्हणतील ते जाऊ दे. मलाच रोज यांच्याकडे बघायचंय." मग एकदम, सामानाची यादी पुढे चालू असावी तशा सुरात, "दुसरी कुठली पट्टी नसते का हो?"

असते, म्हणालो मी. नळीवरची.

"मग बसवा की! कोणाची वाट बघताय?"

"वहिनी, ती बसली तर परवाना मिळेल. परवाना मिळाला तर—"

"मला कायदा माहीत आहे. माझ्याच घरातला आहे तो."

मला तेव्हा वाटलं, आणि अजून वाटतं, की एखाद्या माणसाला त्याची जागा सोडायला लावायची असेल तर आधी ती जागा त्याची आहे हे सगळ्यांना दिसावं लागतं. नाही तर तो जातो, पण त्याचं निम्मं तिथेच राहतं, आणि उरलेल्या निम्म्याशी संसार करायचा कोणी? वहिनींना हे माझ्यासारखं शब्दांत मांडावं लागलं नाही. त्यांनी नारळ वाजवून बघितला आणि घेतला.

चीफना नळीवरच्या पट्टीचं पटवायला फार वेळ लागला नाही. फक्त ती त्यांचीच कल्पना आहे असं वाटेपर्यंत गप्प बसावं लागलं. "नळी तापते, खरंय," ते दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "पण चाचणीत तापण्याइतक्या गोळ्या कुठे असतात?" या पट्टीवर दुर्बीणही वेगळी लागते. डोळ्यापासून चांगली हातभर लांब राहणारी, फार मोठं न करून दाखवणारी. मधली जागा मोकळी. पुंगळी खुशाल वर उडू दे.

पुन्हा तेच टेबल, तोच थर्मास. नळीवर मागच्या बाजूला, ज्याच्या खोबणीतून माशी बघायची ते नेमाचं जुनं पान, एका आडव्या खाचेत बसवलेलं होतं. ते पितळी कांडीने, हळू हळू, डावीकडून ठोकत उजवीकडे बाहेर काढलं. त्याच खाचेत नव्या पट्टीचा पाय बसला. पुढचं टोक नळीला कवेत घेणाऱ्या कड्याने धरलं. एकही भोक नाही. निळी मात्र लावलीच. ती लावल्याशिवाय चीफ साधं दाराचं बिजागरही बसवत नाहीत. स्क्रू आवळताना ते मध्येच थांबले.

"सेकंड, वर काय आहे?"

आम्ही दोघांनी वर पाहिलं. शस्त्रागारवाल्यानेही पाहिलं. छतावर पंखा होता.

"ठीक," चीफ म्हणाले. "आवळ."

चाचणीला वहिनी आल्या. नारायणपेठी नेसल्या होत्या, भोक पडलेलीच, आणि या वेळी मागे काचेच्या आड बसल्या होत्या. क्लबचा अधिकारी काटेकोर माणूस होता. त्याने चीफना नमस्कार केला नाही की तो हसला नाही, फक्त मान हलवली. चीफनी रायफल खांद्याला लावली. दोन्ही डोळे उघडे.

गोळी. लिव्हर. पुंगळी फुलबाज्यातल्या ठिणगीसारखी वर उडाली आणि त्यांच्या टोपीवर टप्पकन पडली. ते हसले नाहीत, पण खांदा जरा सैल झाला. मग पुढची, मग पुढची. ते घाई करत नव्हते. प्रत्येक वेळी लिव्हर ओढून झाला की क्षणभर थांबत, मागे काय पडतंय ते ऐकत असल्यासारखे. अधिकाऱ्याने लक्ष्याचा कागद आणवला, टेबलावर ठेवला, वाकून पाहिलं. काळ्याबाहेर एकही भोक नव्हतं. बहुतेक भोकं एका वाटीखाली झाकली गेली असती.

"व्हेरी गुड, सर," तो म्हणाला, आणि सही केली.

काचेआड वहिनी उभ्या राहिल्या होत्या. त्या टाळ्या वाजवत होत्या आणि आवाज येत नव्हता.

संध्याकाळी जेवायला मी, माझी बायको आणि मुलगी त्यांच्याकडेच. श्रीखंड होतं. चीफ फॉर्मात होते. माझ्या मुलीला त्यांनी इंजिनरूममधल्या आगीची गोष्ट सांगितली, जी मी तिथे असताना घडली होती आणि ज्यात मी आता कुठेच नव्हतो. ती "रियली, अंकल?" म्हणत होती, आणि मी बापडा पुरी खात होतो. मग चीफनी वाटीतलं श्रीखंड संपवलं, बोट चाटलं आणि विचारलं, "अगं, सांगलीला थंडी कधी सुरू होते?"

वहिनींचा वाढायचा हात थांबला. "का?"

"घर लावायला थंडीतच बरं. उन्हाळ्यात माळ्यावर चढवत नाही."

"परवाना मिळालाय ना तुम्हाला? वर्षभराचा?"

"मिळालाय. म्हणूनच म्हणतो. आता त्यांनी काढून घेण्याआधी मीच देऊन टाकतो. कागदावर माझी सही, माझ्या हाताने." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "जहाज बंदरात आणून, इंजिन चालू स्थितीत सोपवून, मग उतरायचं. काय सेकंड?"

"येस, चीफ."

वहिनी पातेलं घेऊन आत गेल्या. थोड्या वेळाने हाक आली, "भावजी, जरा इकडे या." मी वाटी घेऊनच गेलो. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

"खरंच म्हणतायत का हो ते?"

"तुम्हालाच हवं होतं ना?"

"हवंच होतं. हवंच आहे." त्या हसल्या, मग पुन्हा डोळे पुसले. "पण मी चला म्हणायचं आणि त्यांनी नाही म्हणायचं, यात इतकी वर्षं गेली. आता ते चला म्हणाल्यावर मी काय म्हणायचं? आणि या थंडीत कसं जमेल? माझी कुंडीतली अळूची रोपं आहेत, समोरच्या मलय बाईला मी शेवया शिकवायचं कबूल केलंय..."

बाहेरून चीफचा आवाज आला. "आत काय कट चाललाय? माझ्या रायफलवर डोळा असेल तर उघड सांगा. ती मी सेकंडलाच देणार आहे."

"पट्टीसकट?" वहिनींनी डोळे पुसत पुसत ओरडून विचारलं.

"छे! पट्टी काढून, जुनं पान लावून, होती तशी. त्याचे डोळे अजून तरुण आहेत."

गेल्या महिन्यापासून मी पेपर हात लांब करून वाचत होतो. ऑफिसात फॅक्स आला की आधी तो खिडकीशी नेत होतो. घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

"पट्टी राहू द्या, चीफ," मी स्वयंपाकघरातूनच म्हणालो, जरा घाईघाईने.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत, आणि श्रीखंडाचा डाव पुन्हा माझ्या वाटीकडे वळवला.